विषाणूजन्य यकृतदाहाच्या उपचारकाळातील औषधसाठवण आणि बौद्धिक धूसरता

विषाणूजन्य यकृतदाहावर, म्हणजेच हिपॅटायटिसवर, उपचार घेणाऱ्या रुग्णाला दोन अडचणी वारंवार भेडसावतात. पहिली म्हणजे औषधे योग्य तापमानात व कोरड्या जागी टिकवून ठेवण्याची चिंता. दुसरी म्हणजे विचारशक्ती मंदावल्याचा आणि स्मरण व एकाग्रता ढासळल्याचा अनुभव. या दुसऱ्या अनुभवास बौद्धिक धूसरता किंवा ब्रेन फॉग असे म्हणतात. दोन्ही अडचणी परस्परांशी जोडलेल्या आहेत. धूसरतेमुळे गोळी घेतली की नाही याची खात्री राहत नाही, आणि औषध उन्हाने बिघडले असावे या शंकेने मन अधिकच अस्वस्थ होते. शंकेपोटी औषध मध्येच सोडण्याचा धोका औषध काही तास उष्ण जागी राहण्याच्या धोक्याहून बहुधा मोठा असतो. कडक उन्हाळा, भारनियमन आणि ऊसतोडणीसाठी होणारे हंगामी स्थलांतर यांमुळे महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो.

## व्याप्ती आणि संज्ञा

यकृतदाह घडवून आणणारे प्रमुख विषाणू पाच असून त्यांना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे आहेत. ए आणि ई हे मुख्यतः दूषित पाणी व अन्न यांतून पसरतात. त्यांचा आजार बहुधा आपोआप बरा होतो आणि त्यांवर दीर्घकाळ औषध घ्यावे लागत नाही. बी आणि सी हे रक्तावाटे, निर्जंतुक न केलेल्या सुया व वस्तऱ्यांवाटे, तसेच आईकडून बाळाला होऊ शकतात. बी विषाणू लैंगिक संबंधांतूनही सहज पसरतो. या दोहोंचा संसर्ग शरीरात वर्षानुवर्षे राहू शकतो आणि त्यातून यकृताचा काठिण्यविकार (सिऱ्होसिस) व यकृताचा कर्करोग उद्भवू शकतो. डी विषाणू केवळ बी विषाणूच्या सोबतीनेच वाढतो. औषधसाठवण व बौद्धिक धूसरता हे प्रश्न प्रामुख्याने बी आणि सी यांच्या उपचारांत निर्माण होतात.

बोलीभाषेत या सर्व आजारांना सरसकट ‘कावीळ’ म्हटले जाते. कावीळ हे वस्तुतः लक्षण आहे, आजार नव्हे. दीर्घकालीन बी व सी यकृतदाहात डोळे पिवळे होतीलच असे नाही. पुष्कळ रुग्णांना रक्ततपासणीपर्यंत आजाराची कल्पनाही नसते. बौद्धिक धूसरतेसाठी रुग्ण ‘डोके जड झाले’, ‘सुचेनासे झाले’, ‘भान राहत नाही’ असे शब्दप्रयोग करतात. ही संज्ञा कोणत्याही एका रोगाचे निदान नसून अनुभवाचे वर्णन आहे.

## उपचारांची वाटचाल

१९५७ मध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स व जाँ लिंडेनमान यांनी इंटरफेरॉन या प्रथिनाचा शोध लावला. १९८९ मध्ये सी विषाणूची ओळख पटली. या विषाणूच्या शोधाबद्दल हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९० च्या दशकापासून सी यकृतदाहावर इंटरफेरॉनची इंजेक्शने दिली जाऊ लागली. पुढे त्यांना रिबाव्हिरिनच्या गोळ्यांची जोड मिळाली. आठवड्यातून एकदाच टोचावे लागणारे पेगिलेटेड इंटरफेरॉन २००० नंतर प्रचारात आले. हा उपचार विषाणूच्या जनुकीय प्रकारानुसार २४ किंवा ४८ आठवडे चालत असे. ताप, अंगदुखी, गळून जाणे, नैराश्य आणि बुद्धीची मंदता यांमुळे अनेक रुग्ण तो अर्धवट सोडत. शिवाय औषध सतत थंड ठेवावे लागे. औषधाच्या साठवणीची काळजी आणि मंदावलेली बुद्धी ही जोडी प्रथम ठळकपणे दिसली ती याच काळात.

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिर या गोळीला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. विषाणूच्या वाढीवर थेट घाव घालणाऱ्या या गटातील गोळ्यांनी सी यकृतदाहाचा उपचार बहुतांश रुग्णांसाठी १२ आठवड्यांवर आणला. बरे होण्याचे प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे गेले. २०१४ मध्ये मूळ उत्पादक कंपनीने भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने दिले. त्यानंतर या गोळ्या भारतात पुष्कळ कमी किमतीत मिळू लागल्या. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. या कार्यक्रमाखाली बी व सी यकृतदाहाचे निदान व औषधे शासकीय उपचार केंद्रांत विनामूल्य दिली जातात. २८ जुलै हा बी विषाणूचा शोध लावणारे बरुख ब्लमबर्ग यांचा जन्मदिवस असून तो जागतिक यकृतदाह दिन म्हणून पाळला जातो.

बी यकृतदाहावर आज मुख्यतः टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर या गोळ्या दिल्या जातात. त्या विषाणूला दाबून ठेवतात, पण शरीरातून सहसा पूर्णपणे घालवत नाहीत. त्यामुळे त्या अनेक वर्षे, बहुधा आयुष्यभर घ्याव्या लागतात. इंटरफेरॉनचा वापर आता निवडक रुग्णांपुरता उरला आहे.

## औषधे आणि साठवणीच्या अटी

### थंड ठेवावयाची औषधे

इंटरफेरॉन हे प्रथिन असल्याने उष्णतेने त्याची रचना बिघडते. तयार द्रवरूपातील पेगिलेटेड इंटरफेरॉन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, प्रकाशापासून दूर ठेवावे लागते. गोठल्यानेही ते निकामी होते. म्हणून ते फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात, त्या कप्प्याला लागून किंवा सतत उघडझाप होणाऱ्या दारात ठेवत नाहीत. मधल्या फळीवर, मूळ खोक्यातच ठेवणे योग्य समजले जाते. सिरिंज जोराने हलवू नये, असेही उत्पादक बजावतात. काही उत्पादनांच्या माहितीपत्रकात फ्रिजबाहेरील कालावधीची मर्यादा २४ तास दिलेली असते. त्यामुळे वीज दोन-तीन तास गेली म्हणून इंजेक्शन फेकून देण्याचे कारण नसते. दार बंद ठेवल्यास फ्रिजमधील गारवा काही तास टिकतो.

बी यकृतदाहाची लस आणि नवजात बाळाला दिले जाणारे इम्युनोग्लोब्युलिन यांनाही २ ते ८ अंश तापमान लागते. त्यांची साठवण मात्र रुग्णाच्या घरी नव्हे, तर आरोग्य संस्थेच्या शीतसाखळीत होते.

### गोळ्या

आजच्या बहुतेक रुग्णांना फ्रिजची गरजच नसते. सध्याच्या गोळ्यांच्या अटी साधारणपणे पुढीलप्रमाणे आहेत:

- सोफोसबुव्हिर, तसेच सोफोसबुव्हिर व वेल्पाटास्व्हिर यांची एकत्र गोळी: ३० अंशांखाली, मूळ डबीत.
- टेनोफोव्हिर व एन्टेकॅव्हिर: साधारण २५ अंश. १५ ते ३० अंशांदरम्यानचे चढउतार ग्राह्य. झाकण घट्ट बंद.
- रिबाव्हिरिन: साधारण २५ अंश. कोरडी जागा. गर्भवती स्त्रीने या गोळ्या हाताळू नयेत, कारण या औषधाने गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते.

उत्पादकागणिक अटींत थोडाफार फरक पडतो. त्यामुळे डबीवरील मजकूर हाच अंतिम समजला जातो.

गोळ्यांना उष्णतेइतकाच ओलाव्याचा त्रास असतो. डबीतील सिलिका जेलची पुडी ओलावा शोषण्यासाठी असते. ती काढून टाकू नये, आणि खाऊही नये. गोळ्या फ्रिजमध्ये ठेवल्यास डबी बाहेर काढून उघडताच दमट हवेतील बाष्प आत जमू शकते. म्हणून डबीवर तसे लिहिलेले नसल्यास गोळ्या फ्रिजमध्ये ठेवण्याने लाभ होत नाही. स्वयंपाकघरातील चुलीजवळची फळी, न्हाणीघर, खिडकीची कड, दूरचित्रवाणी संच किंवा फ्रिजचा माथा या जागा घरात सोयीच्या वाटतात, पण औषधांसाठी त्या अयोग्य आहेत.

### औषध उष्ण जागी राहिल्यास

उन्हाळ्यात एखादी दुपार डबी गरम खोलीत राहिली तर औषध वाया गेले असे रुग्ण समजतात. औषधनिर्मितीतील चाचण्या या भीतीला उत्तर देतात. नव्या औषधाची टिकाऊपणाची परीक्षा घेताना त्याचे नमुने सामान्यतः ४० अंश तापमान व ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत सहा महिने ठेवून तपासले जातात. याला त्वरित स्थैर्यचाचणी म्हणतात. याचा अर्थ गोळ्या उन्हाळाभर ४० अंशांत ठेवाव्यात असा नव्हे. परंतु घरातील तापमान काही दिवस ३० अंशांच्या वर गेल्याने बंद डबीतील गोळी निष्प्रभ होते, ही समजूत निराधार ठरते. खरा धोका असतो तो उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत, दुचाकीच्या डिकीत किंवा पत्र्याला टेकून दीर्घकाळ राहिलेल्या औषधाला. अशा जागी तापमान हवेच्या तापमानापेक्षा कितीतरी वर चढते.

गोळीचा रंग बदलला, ती भुरभुरीत झाली, चिकटली किंवा तिला पाणी लागले तर ती न घेता उपचार केंद्रावरून बदलून घेणे योग्य ठरते. नुसती शंका असेल तेव्हा पुढील भेटीपर्यंत न थांबता औषधनिर्मात्याला विचारावे आणि तोपर्यंत औषध चालू ठेवावे, हा सर्वसाधारण संकेत आहे.

## बीड जिल्ह्यातील परिस्थिती

बीड हा मराठवाड्यातील अकरा तालुक्यांचा जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार असून तीत ग्रामीण वस्तीचा वाटा मोठा आहे. उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि मध्यातून बालाघाटच्या डोंगररांगा जातात. जिल्ह्याचा मोठा भाग अवर्षणप्रवण आहे. एप्रिल-मे महिन्यांत दिवसाचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. बीड येथे जिल्हा रुग्णालय आहे, तर अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. तज्ज्ञ यकृतविकार सेवेसाठी रुग्णांना पुष्कळदा छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई येथे जावे लागते. उन्हाळ्यात एस.टी.च्या दीर्घ प्रवासात औषध बरोबर नेणे हाही साठवणीचाच भाग ठरतो.

### घरे आणि गारवा

जुन्या माळवदाच्या घरांत जाड मातीच्या भिंती व छपरामुळे आतली खोली दुपारीही पुष्कळ थंड राहते. अशा घरातील आतल्या भिंतीचा कोनाडा किंवा फडताळ ही गोळ्यांसाठी उत्तम जागा होय. पत्र्याच्या घरात मात्र छताखालची फळी सर्वांत तापते. तेथे डबी जमिनीलगत, सावलीच्या भिंतीकडे, पेटीत किंवा झाकणाच्या डब्यात ठेवणे हितावह असते. शेतकरी कुटुंबांत कीटकनाशके व औषधे एकाच फडताळात ठेवली जातात. ही सवय घातक आहे. औषधाला स्वतंत्र जागा हवी आणि ती मुलांच्या हाताला न लागणारी हवी.

फ्रिज नसलेल्या घरात माठाचे तत्त्व उपयोगी पडते. मातीच्या भांड्याच्या छिद्रांतून पाणी झिरपून त्याचे बाष्प होते व त्या क्रियेत उष्णता खर्च होते. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा परिणाम चांगला जाणवतो, तर पावसाळ्याच्या दमट हवेत तो मंदावतो. एका पसरट मडक्यात ओली वाळू घालून तीत दुसरे लहान मडके बसवतात. औषधाची डबी घट्ट बंद प्लॅस्टिकच्या डब्यात घालून त्या आतल्या मडक्यात ठेवली की तापमान बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी उतरते. गोळ्यांसाठी एवढे पुरेसे असते. माठाने २ ते ८ अंशांचा गारवा कधीही मिळत नाही. त्यामुळे इंटरफेरॉनसारख्या औषधासाठी तो पर्याय ठरत नाही. असे इंजेक्शन घरी ठेवण्याऐवजी ते आरोग्य संस्थेतच ठेवून ठरलेल्या दिवशी तेथेच टोचून घेता येईल का, याची विचारणा करणे अधिक सोयीचे असते.

### ऊसतोडणीचे स्थलांतर

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. पती-पत्नीची जोडी ‘कोयता’ म्हणून मोजली जाते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हंगाम पूर्ण करणे भाग असते. मुक्काम फडाशेजारच्या कोपीत असतो. पाचट, बांबू व ताडपत्री यांच्या या झोपडीत दिवसा उष्णता, पहाटे दव आणि कोठेही कोरडा कोपरा नाही अशी स्थिती असते. कामाची वेळही ठरलेली नसते. पहाटेपूर्वी तोडणी आणि रात्री गाडी भरणे यांत रोज एकाच वेळी गोळी घेण्याचा नियम कोलमडतो.

१२ आठवड्यांचा उपचार शक्य असल्यास दोन हंगामांमधील काळात, म्हणजे उन्हाळा व पावसाळ्यात, पूर्ण करण्याचे नियोजन वैद्यांशी बोलून करता येते. मात्र यकृताची अवस्था गंभीर असल्यास उपचार लांबवणे इष्ट नसते. बी यकृतदाहाच्या रुग्णाला तर वर्षभर औषध लागतेच. अशा वेळी निघण्यापूर्वी उपचार केंद्राला स्थलांतराची कल्पना देणे, किती दिवसांचे औषध मिळू शकेल व मुक्कामाच्या जिल्ह्यात ते कोठे मिळेल हे विचारून घेणे आणि उपचारपत्रिका सोबत नेणे आवश्यक ठरते. कोपीत औषधाची डबी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात, त्यावर कोरडे फडके गुंडाळून, धान्याच्या पेटीच्या तळाशी ठेवली तर उष्णता, दव आणि उंदीर या तिन्हींपासून बचाव होतो.

## बौद्धिक धूसरता

### स्वरूप

बोलता बोलता शब्द न आठवणे, एकच ओळ पुनःपुन्हा वाचावी लागणे, हिशेब चुकणे, घरात एखाद्या खोलीत कशासाठी आलो हे विसरणे, दोन कामे एकत्र न जमणे आणि थोड्या श्रमाने डोके शिणणे ही नेहमीची लक्षणे होत. त्यांची तीव्रता दिवसागणिक बदलते. रुग्णाला आपण वेडे होत आहोत की काय अशी भीती वाटते, तर घरच्यांना हा आळस किंवा दुर्लक्ष वाटते.

### कारणे

धूसरतेमागे बहुधा एकच कारण नसते.

विषाणूचा स्वतःचा परिणाम: काठिण्यविकार नसलेल्या सी यकृतदाहाच्या रुग्णांतही थकवा व एकाग्रतेतील उणीव आढळते. २००१ मध्ये लंडन येथील संशोधकांनी अशा रुग्णांच्या मेंदूतील रासायनिक बदल चुंबकीय अनुनाद तंत्राने दाखवले. तेव्हापासून विषाणूचा मेंदूवर थेट परिणाम होतो का, हा संशोधनाचा विषय राहिला आहे.

औषधाचा परिणाम: इंटरफेरॉनमुळे शरीरात दाह निर्माण करणारी रसायने वाढतात आणि मेंदूतील सेरोटोनिनच्या निर्मितीवर परिणाम होतो. नैराश्य, चिडचिड व मंदता ही त्याची परिचित देणगी आहे. हे औषध थायरॉइड ग्रंथीचे कामही बिघडवू शकते. रिबाव्हिरिनमुळे तांबड्या पेशी फुटून रक्तक्षय होतो आणि मेंदूला थकवा जाणवतो. आजच्या सोफोसबुव्हिर गटातील गोळ्यांनी डोकेदुखी, थकवा व झोपमोड होऊ शकते, पण ती बहुधा सौम्य असते.

इतर कारणे: रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, अनियंत्रित मधुमेह, अपुरी झोप, मद्य, झोपेच्या गोळ्या आणि नैराश्य. आजार कळल्याचा धक्का, लोक काय म्हणतील ही धास्ती आणि खर्चाची चिंता यांचाही बुद्धीवर भार पडतो. यांपैकी पुष्कळ कारणे साध्या रक्ततपासणीने व संवादाने उघड होतात आणि दुरुस्त करता येतात.

सी विषाणू नाहीसा झाल्यावर अनेक रुग्णांत थकवा व मंदता कमी होते. काहींत ती रेंगाळते. औषध संपल्यानंतर १२ आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू आढळला नाही, तर सी यकृतदाह बरा झाला असे मानतात.

## यकृतजन्य मस्तिष्कविकार: वेगळा ओळखण्याची गरज

साधी धूसरता त्रासदायक असली तरी जीवघेणी नसते. काठिण्यविकार झालेल्या रुग्णात मात्र तिच्यासारखाच दिसणारा, पण धोकादायक असा यकृतजन्य मस्तिष्कविकार उद्भवू शकतो. आतड्यात तयार होणारा अमोनिया व अन्य विषारी द्रव्ये निकामी यकृताकडून गाळली जात नाहीत आणि मेंदूपर्यंत पोहोचतात. ही स्थिती ‘औषधाने डोके जड झाले’ म्हणून दुर्लक्षिली गेल्यास रुग्ण बेशुद्धीत जाऊ शकतो.

धोक्याच्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत:

- दिवसा गुंगी आणि रात्री टक्क जागे राहणे
- हात पुढे करून पंजे मागे वळवले असता ते पंखासारखे फडफडणे
- अक्षर किंवा सही अचानक बिघडणे
- वार, गाव किंवा ओळखीची माणसे न ओळखणे
- स्वभावात एकाएकी फरक, असंबद्ध बोलणे
- काळी शौचास होणे, रक्ताची उलटी, ताप किंवा पोट फुगणे

बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, पोटातील रक्तस्राव, शरीरातील पाणी कमी होणे व झोपेची औषधे यांमुळे हा विकार उफाळतो. उन्हात राबणाऱ्या व पाणी कमी पिणाऱ्या रुग्णाला त्याचा धोका अधिक असतो. उपचारात लॅक्टुलोज हे पातळ औषध देऊन दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौचास होईल असे पाहतात. रिफॅक्सिमिन हे प्रतिजैविकही वापरले जाते. अशा खुणा दिसल्यास रुग्णाला त्वरित रुग्णालयात नेणे आवश्यक असते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

रोज सकाळी एका वहीत तारीख लिहून रुग्णाची सही घेणे ही घरगुती, बिनखर्चाची कसोटी आहे. सहीतील बदल घरातील निरक्षर माणसालाही डोळ्यांनी दिसतो. सही न येणाऱ्या रुग्णाकडून चांदणी किंवा ठरावीक आकृती काढून घेता येते. वैद्यकीय तपासणीतही हस्ताक्षर व आकृती काढण्याची क्षमता पाहण्याची पद्धत आहे.

## सामना करण्याच्या पद्धती

### स्मरणाचा भार वस्तूंवर टाकणे

धूसरतेच्या काळात स्मरणशक्तीवर विसंबण्याऐवजी गोळीचा हिशेब बाहेर मांडणे हा सर्वांत परिणामकारक उपाय समजला जातो. सी यकृतदाहाच्या एका डबीत सामान्यतः २८ गोळ्या असतात. १२ आठवड्यांसाठी तीन डब्या, म्हणजे ८४ गोळ्या लागतात. भिंतीवरील दिनदर्शिकेत गोळी घेतल्याबरोबर खूण केली, तर त्या डबीपुरत्या खुणा व शिल्लक गोळ्या यांची बेरीज नेहमी २८ यायला हवी. बेरीज जुळली की शंकेला जागा उरत नाही आणि चुकून दोनदा गोळी घेणेही टळते. गोळीची वेळ एखाद्या न चुकणाऱ्या नित्यकर्माशी जोडावी, जसे सकाळची भाकरी किंवा सायंकाळची दिवाबत्ती. एन्टेकॅव्हिर मात्र जेवणापासून दोन तास दूर, रिकाम्या पोटी घ्यावे लागते.

गोळी राहून गेली व त्याच दिवशी आठवली तर ती घेतात. दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेत नाहीत. बी यकृतदाहाची गोळी परस्पर बंद केल्यास विषाणू उसळून यकृत निकामी होण्याचा धोका असतो.

### इतर औषधांची सांगड

वेल्पाटास्व्हिरचे शोषण पोटातील आम्लावर अवलंबून असते, म्हणून आम्लपित्ताची औषधे वैद्यांना विचारूनच घ्यावी लागतात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन सोफोसबुव्हिरचा प्रभाव घटवते, आणि हृदयरोगावरील अ‍ॅमिओडॅरोनसह ते घेतल्यास नाडी घातक प्रमाणात मंदावू शकते. सी यकृतदाहाचा उपचार सुरू करण्यापूर्वी बी विषाणूची तपासणी करतात, कारण सुप्त बी विषाणू या काळात जागा होऊ शकतो. ऊसतोड कामगारांत अंगदुखीच्या गोळ्यांचा वापर सर्रास असतो. काठिण्यविकार झालेल्या रुग्णाला त्यांपैकी अनेक गोळ्या अपायकारक ठरतात.

### आहार, झोप व मन

काठिण्यविकारात डाळी व प्रथिने बंद करावीत ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. भाकरी, वरण, मटकी, ताक व दही यांचा थोडा थोडा आहार दिवसातून अनेकदा आणि झोपण्यापूर्वी हलके खाणे हे आज सुचवले जाते. पोटात पाणी साचले असल्यास लोणचे, पापड, ठेचा यांतील मीठ आवरावे लागते. मद्य पूर्ण वर्ज्य असते. महत्त्वाची व हिशेबाची कामे सकाळी करणे, एका वेळी एकच काम हाती घेणे, दुपारी अल्प विश्रांती घेणे आणि रात्रीची झोप ठरावीक वेळी घेणे यांनी धूसरता सुसह्य होते.

सतत उदासी, रडू येणे किंवा जीव नकोसा वाटणे हे इंटरफेरॉन घेणाऱ्या रुग्णात विशेष गांभीर्याने घेतात व औषधाचा फेरविचार करतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

## कुटुंबाची भूमिका

धूसरतेची जाणीव स्वतः रुग्णाला पुष्कळदा उशिरा होते, घरच्यांना आधी होते. म्हणून उपचार केंद्रावरील भेटीस घरातील एकाने सोबत जाणे, सांगितलेले वहीत लिहून घेणे आणि प्रश्नही आधी लिहून नेणे उपयुक्त ठरते. दिनदर्शिकेवरील खुणा तपासण्याचे काम शाळकरी मुलेही करू शकतात, मात्र गोळ्यांची डबी मोठ्यांच्याच हाती असावी. आठवण करून देणे आणि टोचून बोलणे यांतील अंतर कुटुंबाने राखल्यास रुग्ण आपली चूक लपवत नाही. चुकलेली गोळी लपवली जाणे हे ती चुकण्यापेक्षा अधिक हानिकारक असते.

## गैरसमज

बी व सी यकृतदाह एका ताटात जेवल्याने, एकत्र बसल्याने किंवा कपडे एकत्र धुतल्याने पसरत नाहीत. रुग्णाचे भांडे वेगळे करण्याची प्रथा निरर्थक असून ती त्याच्या मनावरील भार वाढवते. वस्तरा, दात घासण्याचा ब्रश व नखे कापण्याचे साधन मात्र वेगळे असावे. बी यकृतदाहापासून घरातील इतरांना लस देऊन संरक्षण मिळते. सी विषाणूवर लस उपलब्ध नाही.

काविळीची माळ घालणे, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ ‘उतरवणे’ किंवा अंगावर डाग देणे यांनी विषाणूवर काहीही परिणाम होत नाही. चुन्याच्या पाण्याला आलेला पिवळा रंग पाहून आजार उतरला असे समजणारा रुग्ण तपासणीस उशीर करतो, आणि डागण्याने जखम होऊन जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. उसाचा रस पिण्याने यकृतदाह बरा होतो याला आधार नाही. मधुमेही रुग्णाला तो अपायकारकच ठरतो. मुदत उलटलेली किंवा भिजलेली औषधे उकिरड्यावर टाकण्याऐवजी ज्या केंद्रातून मिळाली तेथे परत देणे सुरक्षित असते.

## हे सुद्धा पहा

- यकृत
- कावीळ
- हिपॅटायटिस बी
- हिपॅटायटिस सी
- यकृताचा काठिण्यविकार
- बीड जिल्हा
- ऊसतोड कामगार